चेहरा दाखवलेला नाही

चोवीस वर्षं एकच मालिका चालली, की तिच्यात काम करणाऱ्यांची खरी नावं हळूहळू झिजून जातात. सासूबाईंचं काम करणाऱ्या बाई फाटकावरच्या रखवालदारापासून मालकांपर्यंत सगळ्यांच्याच सासूबाई झाल्या. थोरली, मधली, धाकटी या पडद्यावरच्या घरातल्या सुना. पण जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतानाही त्या एकमेकींना त्याच नावांनी हाका मारत. आणि पडद्यावर एकदाही न दिसलेल्या, तरी ज्यांच्यावाचून त्या घरातलं पान हलत नसे, त्या नोंदबाई.

नोंदबाईंचं काम सांगायला सोपं, करायला चिवट. दारातून आत येणारी बाई सोमवारी चित्रित होते आणि तीच बाई खुर्चीत बसते ती गुरुवारी. पडद्यावर मात्र मध्ये एक क्षणच गेलेला असतो. त्या तीन दिवसांत तिच्या केसांचा भांग, शालीचं टोक, कपातला अर्धा चहा, खिडकीतून टेबलावर पडलेलं ऊन, सगळं होतं तिथंच राहायला हवं. त्यासाठी नोंदबाई कॅमेऱ्याच्या बाजूला एका बुटक्या स्टुलावर बसून निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत सगळं टिपून ठेवत. अशा एकसष्ट वह्या झाल्या होत्या. दिग्दर्शक बदलले, कॅमेरे बदलले, प्रत्येक दृश्य लगेच उलटं फिरवून बघता येईल असे पडदे आले, तरी वाद निघाला की सगळे स्टुलाकडे बघत. नोंदबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "वहीत आहे." झालं. वाद मिटला.

त्या वहीतला शेवटचा रकाना त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला. मालिकेच्या दुसऱ्या वर्षी लेखकाने घरातल्या माळ्याला विहिरीत ढकललं, आणि तीन महिन्यांनी माळी परत हवा असं मालकांच्या मनात आलं. तो मेलेला दाखवला होता की नाही, हे कुणालाच आठवेना. नोंदबाईंनी पानं उलटली आणि वाचलं, "पाण्यातून हात वर आलेला दाखवला आहे. चेहरा दाखवलेला नाही." माळी वाचला. तेव्हापासून कुणीही गेलं, की त्या शेवटच्या रकान्यात लिहीत: चेहरा दाखवला, किंवा चेहरा दाखवलेला नाही. पहिलं असेल तर त्या माणसाचा डबा बंद. दुसरं असेल तर तो कधीही दार वाजवू शकतो. लेखक चेष्टेने म्हणायचा, "आमच्याकडे जन्ममृत्यूचं खातं नोंदबाईंकडे आहे. मी नुसता कारकून."

या रकान्याच्या जोरावर सगळ्यात जास्त जगली ती मधली.

मधली तिसऱ्या वर्षी आली ती सहा भागांपुरती. थोरलीची पत्रं लपवणारी, सासऱ्यांच्या औषधाच्या बाटल्या बदलणारी, दाराआडून ऐकणारी. ती इतकी मनापासून वाईट होती, की बाजारात भाजीवाली तिला मुद्दाम किडके टोमॅटो घालायची. सहाचे साठ भाग झाले. मग लेखकाने तिला एक आजारी मूल दिलं. ते कडेवर घेऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. संवाद संपला होता, थांबा म्हणायला दिग्दर्शक विसरला, आणि मधलीने बाळाच्या पायातला निसटलेला मोजा काढून आपल्या हातावर चढवला, तो गरम करून परत त्याच्या पायात घातला. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. तिथून मधली बदलायला लागली. एका भागात नव्हे. दोन वर्षं ती चांगली होत होती. मध्येच खोटं बोलायची, मध्येच जुना फणा काढायची. नवा दिग्दर्शक म्हणाला, आता ती दाराआडून ऐकत नाही असं करू. नोंदबाई म्हणाल्या, "सवय कुठे जाईल? ऐकू दे. आता ऐकून मदत करेल." आणि तसंच झालं. लोकांना मधली आवडायला लागली, ती त्या दाराआडच्या उभं राहण्यामुळेच.

सहाव्या वर्षी नटीला दिवस गेले. मधलीची गाडी पुलाचा कठडा तोडून खाली गेली. काठावर एक चप्पल राहिली. दीड वर्षाने ती परत आली, सगळी ओळख विसरून. तेराव्या वर्षी कामाच्या तासांवरून मालकांशी वाजलं, मधली गोदामाच्या आगीत सापडली, आणि पट्ट्या सोडल्या तेव्हा आतून दुसरीच नटी निघाली. प्रेक्षकांनी तिला घरात घेतलं नाही. सात महिन्यांनी खरी मधली दारात उभी राहिली आणि ती दुसरी तोतया ठरली. एकोणिसाव्या वर्षी कड्यावरून नुसती किंकाळी. दोन वर्षांनी परत. दर वेळी ती थोडी मंद, थोडी जाड, थोडी समजूतदार होऊन यायची, आणि उंबऱ्यावर उभी राहून पहिल्यांदा घराच्या छताकडे बघायची. ते बघणं नोंदबाईंनीच पहिल्या वेळी टिपून ठेवलं होतं, म्हणून पुढे दोन्ही वेळा जसंच्या तसं झालं. तीन वेळा गेली, तीन वेळा आली. तिन्ही वेळा वहीत एकच ओळ.

पहिल्या परतीच्या आठवड्यात नोंदबाईंच्या घरात जे घडलं, ते मात्र कुठल्याच वहीत नाही.

त्यांचा नवरा नदीतला गाळ काढणाऱ्या बोटीवर मेकॅनिक होता. धुक्याच्या एका सकाळी ती बोट उलटली. चौघं होते. तिघं त्याच दिवशी मिळाले. चौथ्याचा शोध चालू राहिला. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिला शेजारणीकडे ठेवलं होतं. मधलीच्या परतीचं चित्रण चालू होतं म्हणून नोंदबाई कामावर जात राहिल्या. घरी बसून करणार काय? स्टुलावर बसून त्या पुन्हा पुन्हा तोच उंबरा, तीच परत आलेली बाई, तोच सासूबाईंच्या हातून पडणारा पेला टिपत होत्या. सहाव्या दिवशी धाकटा दीर त्यांना न्यायला आला. नदीच्या प्रवाहात खूप खाली, रेल्वेच्या पुलाच्या खांबाला कुणी अडकलं होतं.

तिथल्या सरकारी इमारतीत एक लांबट बोळ होता, शेवटी राखाडी दार. कारकुनाने दार अर्धं उघडलं आणि म्हणाला, "बाई, एकदा चेहरा बघून घ्या."

नोंदबाई दारात थांबल्या. आत टेबल होतं, टेबलावर पांढरं काहीतरी होतं. 'चेहरा' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या आत काहीतरी गच्च मिटलं. पंधरा वर्षांच्या मुलीलाही हसू येईल असा तो विचार होता, पण त्या वेळी तो त्यांना घरच्या भिंतीसारखा भक्कम वाटला. मी बघितलं नाही, तर रकाना भरला जाणार नाही.

"मी नाही बघत," त्या म्हणाल्या.

दीर आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याने भिंतीला हात टेकला होता. "वहिनी, दादाच आहे," तो म्हणाला.

"मला काही सांगू नका. काहीच सांगू नका."

"पण वहिनी..."

"आणि पोरीलाही नाही. मी सांगेन तेव्हा सांगेन."

पुढचं सगळं दिराने एकट्याने उरकलं. कागद त्याच्याकडे राहिले. दोन महिन्यांत नोंदबाईंनी घर बदललं, शाळाही बदलली. लेकीला सांगितलं, बोट उलटली, बाबा सापडले नाहीत. शाळेच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात त्या 'बाहेरगावी' लिहीत. वर्षभरात दिराची बदली दूरच्या गावी झाली. जाताना तो म्हणाला, "मी शब्द पाळीन. पण हे बरं नाही, वहिनी." शब्द त्याने पाळला. सोळा वर्षं पाळला.

त्या सोळा वर्षांत नोंदबाई वेड्यासारख्या वाट बघत बसल्या, असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. त्या भाजी चिरत, वीज गेली की वायरमनवर ओरडत, लेकीचे केस कापत. त्यांना मनातून सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि वहीत असणं वेगळं, एवढंच. फक्त बोलताना एक गोष्ट त्या कधी सोडत नसत. लेक म्हणायची, "बाबांना जास्त उकळलेला चहा आवडायचा ना?" आणि नोंदबाई सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणायच्या, "आवडतो."

लहान होती तेव्हा ते लेकीला गोड वाटायचं. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्याच्या नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायला लागली, तेव्हा ते तिला खुपायला लागलं. दर रविवारी ती आईकडे यायची. अशाच एका रविवारी ती म्हणाली, "आई, मी पंचवीस वर्षांची आहे. मला बाबांसाठी एकदा धड रडायचंय."

"मग रड की. कुणी धरलंय?"

"तू धरलंयस. मी रडायला लागले की तू वर्तमानकाळ काढतेस. रस्त्यात कुणी पाठमोरा दिसला, खांदे तसे असले, तर मी अजून दोन चौक मागे मागे जाते. मला लाज वाटते स्वतःची. असं किती वर्षं जायचं?"

नोंदबाईंनी तिच्या ताटात भाजी वाढली. "जेव," म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पोरगी रस्त्यात अनोळखी माणसांच्या मागे जाते, हे त्यांना माहीत नव्हतं. आता सांगावं, तर इतकी वर्षं का लपवलं हे सांगावं लागणार. ते सांगितलं, तर ही उठून निघून जाणार आणि पुन्हा रविवारी येणार नाही. नवरा गेलेला होताच. आता लेकही जायची भीती होती. म्हणून त्या गप्प राहिल्या.

चोविसाव्या वर्षी मधली आजारी पडली. पडद्यावरची नव्हे, खरी. आधी पोटात दुखतं म्हणाली, मग कपडेपटातली बाई तिचे सगळे कपडे शिवणीत आत घ्यायला लागली, मग एक दिवस मधलीनेच जेवणाच्या टेबलावर डॉक्टरने काय सांगितलं ते सांगून टाकलं. दोन महिने, फार तर तीन. सासूबाई रडल्या. लेखक उठून बाहेर गेला आणि बराच वेळ बाहेरच राहिला.

मालकांचं फर्मान आलं: मधलीला सन्मानाने निरोप द्या, पण दार उघडं ठेवा. कोण सांगावं, वर्षा-दोन वर्षांनी दुसरी कुणी चांगली मिळाली तर. लेखकाने प्रसंग लिहिला. दवाखान्यातली खोली, डॉक्टर पाठमोरे, पांढरी चादर कपाळाच्या वरपर्यंत. चेहरा नाही.

दोन दिवसांनी मधलीने नोंदबाईंना रंगभूषेच्या खोलीत बोलावलं. खोलीत आरशाभोवतीचे अर्धेच दिवे लावले होते; तिला उजेड सोसत नव्हता. डोक्याला रुमाल, अंगात स्वतःचाच जुना स्वेटर.

"बसा, नोंदबाई. स्टूल आणलं नाही होय तुमचं? त्याच्याशिवाय अर्ध्या वाटता."

"बोल, मधले. काय हवंय?"

"मला मरायचंय. धड. तुम्ही लोकांनी मला तीनदा अर्धवट मारलंत. एकदा तरी नीट मारा."

"असं अभद्र बोलू नये."

"अभद्र काय त्यात? नदीत बुडाले, आगीत जळले, कड्यावरून पडले. आता बिछान्यात मरतेय, किती सोय झाली लेखकाची. आणि तो लेकाचा चादर वर ओढतोय." ती हसली, मग पोट धरून थांबली. दम गोळा करून म्हणाली, "चेहरा दाखवायला सांगा."

नोंदबाईंनी मान हलवली. "चेहरा दाखवला की संपलं, मधले. मग कुणी काही करू शकत नाही."

"संपायलाच आलंय ना."

"राहू दे की दार उघडं. तुझं काय जातंय?"

मधलीने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. पुलावरून गाडी पडली तेव्हा पोटात होती. लहानपणापासून तिने काय बघितलंय? आई मरते आणि परत येते. परवा मी तिला नीट सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. तर काय म्हणाली माहीत आहे? 'येशील गं तू. नेहमी येतेस.' चेष्टेत म्हणाली. पण अर्धी चेष्टा होती, नोंदबाई. अर्धी नव्हती." तिने स्वेटर अंगाभोवती ओढून घेतला. "मी गेल्यावर ती मालिका बघत बसणार. पुढच्या वर्षी हे माझ्या जागी दुसरी आणून उंबऱ्यावर उभी करणार, ती माझ्यासारखं छताकडे बघणार. माझ्या पोरीने ते बघायचं? तिला एकदा दिसू दे की आई गेली. मग काय रडायचं ते रडू दे, आणि उठू दे."

बाहेर कुणीतरी सेटवर खुर्च्या ओढत होतं. नोंदबाईंना काही बोलायचं होतं, पण त्यांच्या कानात दुसऱ्याच एका मुलीचा आवाज होता. त्यांनी मधलीच्या रुमालाची सैल झालेली गाठ सोडून नीट बांधली. "मी फक्त लिहिते गं," त्या म्हणाल्या. "जे होतं ते लिहिते."

"एवढंच?" मधली म्हणाली.

चित्रण बुधवारी झालं. सकाळी लांबून घेतलेलं दृश्य: डॉक्टर पाठमोरे, त्यांनी चादर वर ओढली, कपाळ झाकलं. नोंदबाईंनी लिहिलं, चादर कपाळाच्या वर. मग जेवणाची सुट्टी झाली. मधलीला त्या वेळात झोपवून ठेवलं. दुपारी जवळचं दृश्य घ्यायचं होतं. पलंगाच्या कडेला बसलेली थोरली आणि चादरीची घडी. दिग्दर्शक नवा, घाईतला. त्याने प्रकाशवाल्याला विचारलं, प्रकाशवाल्याने खांदे उडवले, आणि दोघांनी सवयीने स्टुलाकडे बघितलं.

"नोंदबाई, चादर कुठवर होती?"

त्या मिनिटभर वहीकडे बघत राहिल्या. पानावर त्यांच्याच अक्षरात सगळं स्पष्ट होतं.

"गळ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "चेहरा उघडा."

"नक्की? मला वाटलं..."

"वहीत आहे."

चोवीस वर्षांत ते दोन शब्द पहिल्यांदा खोटे होते. कुणी सकाळचं दृश्य उलटं फिरवून बघितलं नाही. बघायची गरजच काय? दिवे हलले, चादर खाली आली. मधलीने डोळे मिटायच्या आधी एकदा स्टुलाच्या दिशेने बघितलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर स्थिरावला. रंग लावलेला नव्हता, तिने लावू दिला नव्हता. थोरलीने संवाद सोडून नुसता तिचा गाल शिवला. दिग्दर्शक थांबा म्हणाला तेव्हा प्रकाशवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता.

नोंदबाईंनी सकाळच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली दुसरी ओळ लिहिली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: चेहरा दाखवला.

लेखकाला संकलनाच्या वेळी कळलं. तो येऊन स्टुलाशेजारी जमिनीवर बसला. "मालक मला खाऊन टाकणार."

"माझं नाव सांगा, लेखकराव. म्हातारी झाली, डोळे गेले, म्हणा."

"तुमचे डोळे?" तो म्हणाला. "कोण विश्वास ठेवणार?" मग थोड्या वेळाने, "दृश्य चांगलं आहे पण. काढवणार नाही मला."

अकराव्या दिवशी मधली गेली. नोंदबाई तिच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत माणसं दाटली होती. आतल्या खोलीच्या दारापाशी आल्यावर त्यांचे पाय आपोआप थांबले, जुन्या सवयीने. मागून सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला. त्या आत गेल्या आणि बघितलं. मधलीची मुलगी उशाशी बसली होती. तिने वर बघून म्हटलं, "तुम्ही नोंदबाई ना? आई म्हणाली होती, तुम्ही याल." मग ती परत आईकडे वळली. नोंदबाईंना बाहेर यायला बराच वेळ लागला.

तो भाग पुढच्या आठवड्यात लागला. रविवारी दुपारी आठवडाभराचे भाग सलग दाखवत. लेक आली होती, पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. लहानपणापासून ती आईच्या मांडीला टेकून मालिका बघायची ती गोष्टीसाठी नव्हे, चुका शोधायला. सापडली एखादी की टाळी. वर्षाला एखादीच सापडायची. दवाखान्याचा प्रसंग आला. चादर वर गेली. मग मधलीचा चेहरा दिसला, उघडा, आणि बराच वेळ तसाच राहिला.

लेकीने डोळे पुसले. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, चादर."

"हं."

"आधी वर होती. मग गळ्यापाशी. एवढी मोठी चूक? तू नव्हतीस का त्या दिवशी?"

"होते."

"मग?"

"चूक नाही ती. मी मुद्दाम सांगितलं."

लेकीने टीव्हीचा आवाज बंद केला. "तू? मुद्दाम? का?"

नोंदबाईंच्या हातात घडी घालायला घेतलेला टॉवेल होता. त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला. मधलीच्या मुलीचं सांगितलं; ती 'येशील गं तू' म्हणाली ते सांगितलं. तिथं थांबता आलं असतं. लेक ऐकत होती, तिचा चेहरा मऊ झाला होता, आता ती उठून चहा टाकेल आणि रविवार नेहमीसारखा संपेल, एवढं सोपं होतं.

"तुझे बाबा सापडले होते," नोंदबाई म्हणाल्या.

लेक हलली नाही.

"सहाव्या दिवशी. मला बघायला बोलावलं होतं. मी दारापर्यंत गेले आणि बघितलं नाही. काकाने बघितलं. पुढचं सगळं काकानेच केलं. मी त्याला तुला सांगू दिलं नाही."

"सोळा वर्षं?" लेकीचा आवाज अगदी हळू होता. "मी सोळा वर्षं लोकांच्या मागे फिरतेय, आई."

"मला ते माहीत नव्हतं."

"पण दुसरं माहीत होतं." ती उठली. पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली, चपलेत एक पाय घातला. नोंदबाईंनी तिला थांब म्हटलं नाही. ते म्हणायचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना वाटलं नाही. लेक दाराची कडी धरून उभी राहिली. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, चार-पाच वेळा तोच आवाज आला. मग ती चप्पल काढून परत आली आणि टेबलाशी बसली.

"काका असेल आत्ता घरी?"

"रविवारी असतो."

तिने फोन लावला आणि दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला, मोठ्या आवाजावर. दिराचा आवाज आता म्हाताऱ्यासारखा झाला होता. "काय गं राणी, आज कशी आठवण?"

"काका, आईने सांगितलं मला. बाबांचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "वहिनी आहेत तिथं?"

"आहे मी," नोंदबाई म्हणाल्या. "ती विचारेल ते सांगा. आता सगळं सांगा."

"काका, चेहरा कसा होता त्यांचा?"

"बाळा," तो म्हणाला, आणि थांबला. "सहा दिवस पाण्यात होता. चेहऱ्यावरून मीही ओळखू शकलो नसतो. वहिनींनी बघितलं असतं, तर त्यांनाही कळलं नसतं. मी त्यांना तेच सांगणार होतो तेव्हा."

नोंदबाईंनी टेबलाची कड धरली. सोळा वर्षं ज्या एका गोष्टीवर त्या उभ्या होत्या, ती त्या राखाडी दाराआडच्या टेबलावर नव्हतीच.

"मग कशावरून ओळखलंस?" लेकीने विचारलं.

"बूट गेले होते. मोजे होते. काळे मोजे, आणि एकाच्या टाचेला रफू. दोरा तपकिरी होता. काळ्याला तपकिरी कोण लावतं? मी त्याची थट्टा केली होती त्यावरून, चार दिवस आधी. तर म्हणाला, घरातला काळा दोरा संपला होता, बायकोने आहे त्यात भागवलं."

लेकीने आईकडे बघितलं. नोंदबाई फोनकडे बघत होत्या. त्यांना ते आठवत होतं. टाचेचं भोक अंगठ्याएवढं होतं. बल्बवर मोजा ताणून त्यांनी आडवे-उभे टाके घातले होते. तो म्हणाला होता, दुसराही आणू का, तोही जाईलच थोड्या दिवसांत. तेव्हा बघू, त्या म्हणाल्या होत्या. एकच मोजा शिवला होता. कुठला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "कुठल्या पायातला?"

तो लगेच म्हणाला, जणू कुणीतरी हे विचारावं म्हणून थांबला होता. "डाव्या."

"हो," नोंदबाई म्हणाल्या. "डावाच होता."

लेकीने टेबलावर डोकं टेकलं आणि मोठमोठ्याने रडायला लागली, नऊ वर्षांची मुलगी रडते तशी, श्वास पुरत नसल्यासारखी. फोनमधून दीर "बाळा, अगं बाळा" म्हणत होता. नोंदबाईंनी हात पुढे नेला, तो तिच्या केसांवर ठेवला आणि ठेवू दिला जातोय का, याची वाट बघितली. लेकीने हात झटकला नाही.

"बाबांना," लेक मध्येच म्हणाली, नाक ओढत, "बाबांना माहीत होतं का गं, काळ्याला तपकिरी बरं दिसत नाही?"

"माहीत होतं," नोंदबाई म्हणाल्या. "पण त्यांना चालायचं."